काळी चार, काळी पाच

ऑगस्ट सरत आला की कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी दोन आवाज एकमेकांवर आदळतात. नदीच्या बाजूने ढोल-ताशा पथकांचा सराव आणि मागच्या मुलींच्या होस्टेलमधून सरगम. ढोल अर्थातच जिंकतात. मुली तरीही थांबत नाहीत, खिडक्या लावून घेतात आणि पुन्हा सा लावतात. बंद काचेतून तो सा बारीक ऐकू येतो, आणि मला कळतं की निवडीचे दिवस आले. आधी कॉलेजच्या समूहगानाचा संघ निवडायचा, मग त्यातल्या मुलींनी विद्यापीठाच्या संघासाठी परीक्षा द्यायची. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांना या दिवसांत फक्त पाऊस आणि गणपती दिसतात.

मला मात्र आधी वास आठवतात. दमट सतरंजीचा वास. पेटीचा भाता उघडला की येणारा जुन्या पुठ्ठ्यासारखा वास. तोंडात धरलेल्या ज्येष्ठमधाचा गोडसर, लाकडी वास. तो ज्येष्ठमध मी आणि शुभांगी मंडईमागच्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून आणायचो. दुकानदार काका कधी मान वर करत नसत.

"काका, ज्येष्ठमध द्या."

"खोकला की गाणं?"

"गाणं," शुभांगी म्हणायची.

"मग जास्त घ्या. खोकला जातो."

शुभांगी दुकानातच खो खो हसायची. मी बाहेर आल्यावर, रस्ता ओलांडल्यावर हसायचे.

यंदा सोमवारी मॅडमचा मेसेज आला. मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या संगीताच्या मॅडम. "शनिवारी सकाळी ये. विद्यापीठाच्या निवडीला दहा मुली जातायत. नेहमीप्रमाणे तुझा अनुभव सांग. बरं वाटतं त्यांना." मी तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या संघात निवडली गेले होते, आमच्या कॉलेजातून एकटीच. त्यानंतर दोन वर्षं मॅडम मला बोलावतायत आणि मी जातेय. श्वास कसा घ्यायचा, परीक्षकांच्या डोळ्यांत न बघता त्यांच्या कपाळाकडे कसं बघायचं, असलं काहीबाही सांगते. मुली वहीत लिहून घेतात. मॅडम म्हणतात, "बघा, ही किती लाजाळू होती. हिला जमलं तर तुम्हाला जमेल." मुली टाळ्या वाजवतात. मी खाली बघते, आणि त्यांना तो विनय वाटतो.

मेसेज वाचून मी फोन उलटा ठेवला. यंदा मला जाववेना, आणि न जाण्याचं कारणही देता येईना.

*

मी कमी बोलते हे घरात सगळ्यांनी धरून चाललंय. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. आई म्हणायची, "दोन माणसांसमोर चहाचा ट्रे आणता येत नाही आणि दोनशे माणसांसमोर गाणार म्हणे." तिला मी कधी समजावून सांगितलं नाही. समूहात गाताना एकटीने गावं लागत नाही, हेच तर त्यातलं सुख होतं. अकरा आवाजांत आपला बारावा सोडून द्यायचा आणि तो कुठे गेला ते कुणालाच, आपल्यालाही, कळू नये.

शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मी कीबोर्ड शिकले, स्वर मला सी, डी, ई असे येत. कॉलेजात मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझी पट्टी कोणती?" मला प्रश्नच कळला नाही. शेजारच्या मुलीने मला कोपराने ढोसलं. "सांग की. कुठल्या सुरात गातेस? काळी चार का काळी पाच?" ती शुभांगी. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायची, डब्यात कायम शेंगदाण्याची चटणी असायची, आणि आवाज असा की खोलीतल्या खिडकीच्या सैल काचा तिच्या वरच्या सुराला थरथरायच्या. तिनेच मला पेटीसमोर बसवून डावीकडून काळ्या पट्ट्या मोजायला शिकवलं. चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून गायचं ती काळी चार. तिची तीच. माझीही तीच निघाली.

"अगं, ही तर जी शार्प," मी म्हणाले.

"काय ते शार्प-बिर्प तुझ्याकडं ठेव. काळी चार म्हण. ए कॉन्व्हेंट, म्हण."

तेव्हापासून मी तिची कॉन्व्हेंट झाले. माझ्या वहीत गाण्याचे मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले पाहून तिने कपाळावर हात मारला होता, पण कुणाला सांगितलं नाही. मी 'ळ' नीट म्हणावा म्हणून ती बसस्टॉपवर माझ्याकडून "कळी, नळी, पोळी" म्हणून घ्यायची. येणारे-जाणारे बघायचे. मी लाजेने अर्धी व्हायचे. ती म्हणायची, "बघू देत. ऐकायला कुणी पैसे मागतंय का?"

तिच्या घरून परवानगी मोजकी होती. सरावाला थांबलं की घरी पोचायला उशीर व्हायचा आणि वडिलांना मोटारसायकल घेऊन हायवेपर्यंत यावं लागायचं. ते दुष्ट नव्हते, थकलेले होते. त्यांनी सांगितलं होतं, विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर पुढचं वर्षभर न कुरकुरता येईन. नाही लागलं तर गाणं बास, पदवी पूर्ण कर आणि बी.एड. बघ. शुभांगीने हे मला हसत सांगितलं होतं, पण सांगताना ती डब्याचं झाकण लावत आणि काढत होती.

*

निवड दुसऱ्याच एका कॉलेजच्या सभागृहात होती. बाहेर ओल्या छत्र्यांचा आणि चपलांचा ढीग. आत टेबलामागे तीन परीक्षक, त्यांच्यासमोर पाण्याचे तीन पेले, पेल्यांवर बशा. आमच्या मॅडमना, किंवा कुणाच्याच शिक्षकांना, आत सोडत नव्हते. मुलींनी भिंतीला टेकून रांगेने बसायचं, नंबर आला की पुढे जायचं, स्थायी आणि अंतरा म्हणायचा आणि परत येऊन बसायचं. मधे बोलायचं नाही आणि थांबायचं नाही. चुकलं तरी पुढे जायचं, असं परीक्षकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं.

विजेवर चालणाऱ्या तानपुऱ्याच्या डब्याला त्या दिवशी वीजच पोचेना. परीक्षकांतले एक सर म्हणाले, "मोबाइलवर तानपुरा आहे का कुणाच्या?" सगळ्यांच्याच होता. त्यांनी सगळ्यांत जवळ बसलेल्या मुलीकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट दाखवलं. "तू, चष्मेवाली. इथे खुर्चीवर बस. जी येईल तिची पट्टी लावून दे."

मला किती बरं वाटलं होतं ते आजही आठवतं. बोलायचं काही नव्हतं. मान खाली घालून बसायला मला एक कारण मिळालं होतं. माझ्या फोनवर पट्ट्या इंग्रजी अक्षरांत दिसायच्या. मुली येऊन "काळी पाच", "काळी दोन" असं हळूच सांगायच्या, मी मनात भाषांतर करायचे, बोट फिरवायचे, तानपुरा सुरू. पंधरा-सोळा मुलींच्या पट्ट्या मी लावल्या. सगळ्या बरोबर. अनोळखी मुली होत्या, म्हणून प्रत्येक वेळी नीट ऐकत होते.

मग शुभांगी आली. तिला पट्टी सांगायची गरज नव्हती. ती माझ्याकडे बघून भुवया उडवून म्हणाली, "लाव." तिच्या कपाळावर घाम होता, ओढणीला खडीसाखरेची पुडी गाठ मारून बांधलेली होती. मी तिच्याकडे बघून हसले. मला तिला धीर द्यायचा होता. आणि हसता हसताच मी तानपुरा सुरू केला.

आधीच्या मुलीची पट्टी काळी पाच होती. ती मी बदललीच नाही.

शुभांगीने सा लावला तेव्हाच घशाला हात लावला. एक क्षण भुवई आक्रसली. मग तिने डोळे मिटले आणि गायला लागली. सा एका पट्टीने वर गेला तर ऐकणाऱ्याला कळत नाही. परीक्षकांना तिचा नेहमीचा सूर कुठला, हे कसं ठाऊक असणार? गाणारीच्या घशाला तेवढं कळतं. पण घाबरलेली गाणारी काय समजते, ते मला आता कळतं. तानपुरा चुकलेला असेल असं तिच्या मनातच येत नाही. आपण सगळे त्याच्यावरच तर स्वतःला मोजतो. त्याच्याशी जमलं नाही तर चूक आपली, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

ती स्थायीची दुसरी ओळ म्हणत होती तेव्हा माझी नजर फोनवर गेली. ए शार्प, म्हणजे काळी पाच.

पुढच्या दोन मिनिटांबद्दल मी स्वतःशी पुष्कळ वाद घातलेत. मला फक्त "सर, पट्टी चुकली" एवढंच म्हणायचं होतं. हातही वर केला असता तरी चाललं असतं. नियम होता खरा की थांबायचं नाही, पण तो गाणाऱ्यांना होता, मला नव्हता. सर चिडले असते, पण शुभांगीने पुन्हा गायलं असतं. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. आणि तरीही ते तीन शब्द मी म्हणाले नाही. सभागृहात पन्नासएक मुली होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. त्या एवढ्याशा कारणासाठी मी गप्प बसले. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

अंतऱ्यात वरचा पंचम होता. खिडक्या थरथरवणारा तिचा तो सूर. त्या दिवशी तो अर्ध्यात फाटला. तिने पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग ती ओळ खालून म्हणून तिने कशीबशी संपवली. मधल्या परीक्षक बाई कागदावर काहीतरी लिहीत म्हणाल्या, "आवाज छान आहे गं, पण वर पोचत नाही. रियाज वाढवा." त्यांच्या बोलण्यात काही कडवट नव्हतं, आणि त्यामुळेच ते खरं वाटलं.

तिच्यानंतर दोन मुली. मग मी. एका मुलीने माझ्या खुर्चीवर बसून फोन हातात घेतला आणि विचारलं, "तुझी?"

"दे, मीच लावते," मी म्हणाले. आणि जी शार्प लावून, दोनदा बघून, पुढे गेले.

*

जिना उतरताना शुभांगी म्हणाली, "आज गळाच लागला न्हाई गं. सुरुवातीपासनंच जड. काय झालं काय माहीत."

मी म्हणाले, "होतं असं."

यादी पाच वाजता दारावर लागली. माझं नाव खालून तिसरं होतं. शुभांगीने यादी दोनदा वाचली, बोट ठेवून, वरून खाली आणि खालून वर. मग माझ्या पाठीत जोरात धपाटा घातला. "ए कॉन्व्हेंट! लागलीस की गं! आता मी गावात सांगीन, माझी मैत्रीण विद्यापीठाच्या संघात हाय." मॅडमनी मला जवळ घेतलं. त्या तिला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी, काय?" शुभांगी "हो मॅडम" म्हणाली. पुढचं वर्ष नाही हे तिघींत आम्हा दोघींनाच माहीत होतं.

ती बसमध्ये चढली तेव्हा खिडकीतून हात हलवत राहिली. मीही हलवला. बस वळेपर्यंत मला वाटत होतं की आपण आता पळत जाऊन सांगू. बस वळल्यावर वाटलं की उद्या सांगू. उद्याचं मग सोमवारवर गेलं. सोमवारी ती सरावाला आली नाही, आणि मला सुटल्यासारखं झालं. ते सुटल्यासारखं वाटणं मी विसरू शकत नाही.

संघात ते वर्ष चांगलं गेलं असं म्हणायला हवं. मागच्या ओळीत, डावीकडून दुसरी. आम्ही दोन शहरांत जाऊन गायलो, बसमध्ये भेंड्या खेळलो, एका ठिकाणी बक्षीसही आलं. पण तानपुरा सुरू झाला की मी आधी वाकून फोनची स्क्रीन बघायचे. संघाच्या सरांनी एकदा विचारलं, "काय गं, विश्वास नाही का आमच्यावर?" सगळे हसले. मीही.

वर्ष संपल्यावर मी गाणं सोडलं. बाणेरला ऑफिस आहे, संगणकाच्या सूचना सोप्या इंग्रजीत लिहायचं काम. कुणाशी बोलावं लागत नाही. दर पावसाळ्यात मॅडमचा मेसेज येतो, मी इस्त्री केलेला कुर्ता घालते आणि मुलींना आत्मविश्वासाबद्दल सांगून येते.

*

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी शुभांगीला फोन केला. दोन वर्षांत आमचं बोलणं वाढदिवसाच्या फुलांच्या चित्रांपलीकडे गेलं नव्हतं. ती गावाजवळच्या शाळेत शिकवते एवढं ठाऊक होतं. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं.

"शुभांगी, मी ईशा."

"नाव आलंय की फोनवर. बोल. लग्न ठरलं का काय?"

"नाही. मला एक सांगायचं होतं. निवडीच्या दिवसाचं."

मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता. मी कागद वाचल्यासारखं सगळं सांगितलं. न थांबता. संपलं तेव्हा कालवा बंद झाला होता, ती बहुतेक वर्गाबाहेर आली असावी.

"काळी पाच?" ती म्हणाली.

"हो."

"सगळं? अंतरापण?"

"हो."

"म्हणजे माझा गळा बरा होता."

तिने हे विचारलं नव्हतं.

"ताक सोडलंय मी," ती म्हणाली. "त्या दिवशी निघताना आईनं पेलाभर ताक दिलं होतं. त्यानंच गळा धरला, उन्हाचं, पावसाचं काय कळतंय का तिला, म्हणून आल्यावर किती भांडले तिच्याशी. तीन वर्षं झाली. अजून ती माझ्या ताटाशी ताक ठेवत न्हाई. घाबरती."

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"तुला कधी कळलं?"

इथे 'नंतर' म्हणायचं असं मी आदल्या दिवशी ठरवलं होतं. "तू गात होतीस तेव्हाच," मी म्हणाले.

"मग हात वर करायचा."

"जमलं नाही मला."

"आणि तुझी?"

"काय?"

"तुझी पट्टी. ती बरोबर लावलीस?"

"हो."

मग ती म्हणाली, "आता कशाला सांगितलंस? मी समजावलं होतं मनाला. आपला गळा तेवढाच, म्हणून गप बसले होते. बरं चाललं होतं."

"उद्या मॅडमनी बोलावलंय. मुलींना अनुभव सांगायला."

"याआधी गेलीस ना? काय सांगितलंस?"

"श्वास कसा घ्यायचा ते."

ती हसली. मंडईमागच्या दुकानातलं ते हसणं नव्हतं. "चांगलंय. तास आहे माझा, ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मला वाटलं होतं मी रडेन. उलट खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, जिना चढताना पाय हलके झाले. आणि जागेवर येऊन बसल्यावर त्या हलकेपणाचीच शरम वाटायला लागली. माझ्याजवळचं मी उचलून नेऊन तिच्या वर्गाच्या दारात ठेवून आले होते, आणि ती आता तास घेत होती.

*

शनिवारी मी गेले. दहा मुली सतरंजीवर बसल्या होत्या, वह्या उघडून. मॅडम म्हणाल्या, "बघा, ही किती लाजाळू होती," आणि मी त्यांना मधेच थांबवलं. मॅडमना कुणी थांबवत नाही. मी सांगितलं ते तुटक होतं, शब्द मागेपुढे झाले, दोनदा इंग्रजीत घसरले. तानपुऱ्याशी कोण बसलं होतं, कुणाची पट्टी राहिली, कुणी पाहिलं आणि कोण बोललं नाही. खुर्चीवरून उठून मी स्वतःसाठी काय केलं, तेही. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला आणि हातातच ठेवला. कुणीही काही लिहून घेत नव्हतं.

मी एवढंच म्हणाले की निवडीत सूर लागला नाही तर आधी तानपुऱ्याकडे बघा, हात वर करा, चिडू देत त्यांना. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. टाळ्या झाल्या नाहीत.

मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. वेणीला साधं रबर, मांडीवर ओला रेनकोट, लांबून आलेली असावी.

"मग त्या ताई आता कुठं गातात?"

मी तोंड उघडलं. आदल्या दिवशी मी तिच्याशी बोलले होते. माझी चूक, माझी भीती, माझी पट्टी, उद्याचं माझं भाषण, सगळं बोलणं झालं होतं. कागदावर लिहून नेलेल्या एका ओळीतही हा प्रश्न नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी विचारलं नाही."